बाई मुराळी आणि राजूरला गेलेला क्लच

आमच्या उदगीरकडून राजूरला कुणी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. नकाशावर एक टोक आमचं, कर्नाटकाला टेकलेलं, आणि दुसरं टोक पार सह्याद्रीच्या पोटात. मधल्या वाटेवर ज्वारी संपते, मग ऊस येतो, ऊसही संपतो आणि डोंगर सुरू होतात. त्या डोंगरात, अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढे, भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला माझी धाकटी बहीण रेश्मा दिली आहे. तिचा नवरा गणेश विजेच्या तारा ओढणाऱ्या कंत्राटदाराबरोबर आमच्याकडे कामाला आला होता, तिथेच जमलं. एवढ्या लांब पोरगी देताना आई म्हणाली होती, "लांब असली तरी काय, रस्ता तर हाय की." तो रस्ता किती लांब असतो हे मला या वेळी कळलं.

रेश्माला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं, घेऊन जायला हवं. सासरी दिलेल्या लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो त्याला मुराळी म्हणतात. मुराळी भाऊ असतो, चुलता असतो, मामा असतो. आम्हाला भाऊ नाही, वडील नाहीत, आईचे गुडघे तिला अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. राहिले मी. रेश्माला सांभाळायला सातवीतून शाळा सोडली ती मी, आणि आता रोज दुसऱ्यांची लेकरं शाळेत पोचवते तीही मीच. माझी जुनी सात सीटर गाडी आहे. तिच्या कडेने पिवळा पट्टा आणि पाठीवर 'शाळेची मुले' अशी अक्षरं. सपाट रस्त्यावर माझ्या गाडी चालवण्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. पण घाट मी जन्मात चढले नव्हते, आणि काळजी करणं हा माझा दुसरा धंदा आहे.

नगरच्या पुढे

पहिला मुक्काम नगरला केला आणि सकाळी संगमनेरच्या वाटेला लागले. कारखाने चालू होते. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, आणि त्यांवर ऊस एवढा रचलेला की पुढचं आभाळ दिसत नव्हतं. पुढे घालायची माझी छाती होईना. मी आपली एका ट्रॅक्टरच्या मागे मागे, लग्नातल्या करवलीसारखी. पाठीमागचे हॉर्न देऊन देऊन थकले आणि मला ओलांडून गेले.

शेवटी तो ट्रॅक्टरवाला एका टपरीपाशी थांबला. मीही थांबले, कारण त्याच्यामागे थांबायचीच सवय झाली होती. उतरून तो माझ्याकडे आला.

"ताई, राहुरीपासून बघतोय. शाळेची गाडी माझ्याच मागं. म्हनलं कारखान्यात शाळा काढली का काय!"

मी खरं ते सांगितलं. बहिणीला आणायला निघालेय, घाटाची भीती वाटते.

"घाट अजून लांब हाय. आत्तापास्नं कशाला भिताय?" त्याने ट्रॉलीतून ऊस उपसला, गुडघ्यावर मोडला आणि माझ्या मागच्या सीटवर टाकला. "पोटुशी हाय ना? तिला द्या. म्हनावं राहुरीच्या मामानं दिलाय."

त्याचं नाव विचारायचं राहिलं. पुढे निघाले तेव्हा हात जोडायचे म्हणून स्टिअरिंग सोडणार होते, ते मात्र वेळेवर आठवलं.

अकोल्यानंतर सगळंच बदललं. आमच्याकडे जमीन काळी आणि आडवी, नजर टाकली की थेट दुसऱ्या गावच्या देवळापर्यंत जाते. इथे नजर टाकली की समोर डोंगर, आणि रस्ता त्याला विचारून विचारून पुढे सरकतो. भात कापून झालेली खाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरत गेलेली, त्यांत पेंढ्याच्या गंज्या. थंडी अशी की काच खाली केली तर डोळ्यांत पाणी यायचं. घाटात मी हॉर्न वाजवत गेले, समोर कुणी नसतानाही.

रेश्माचं घर

गाडी दारात गेली तेव्हा तात्या, म्हणजे रेश्माचे सासरे, अंगणात लाकडं फोडत होते. त्यांनी गाडीच्या पाठीवरची अक्षरं एकेक करून वाचली.

"शाळेची गाडी आली गं," त्यांनी घरात हाक मारली. "सूनबाईचं नाव घातलंय शाळेत!"

तात्या बोलतात ते एवढंच. दिवसातून एखादा विनोद, आणि मग दिवसभर काम. सगळं बोलणं आत्याबाईंकडे, म्हणजे रेश्माच्या सासूबाईंकडे. त्या बाहेर आल्या, माझ्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गाडीच्या आत वाकून बघितलं.

"मुराळी कुठंय?"

"मीच की आत्याबाई."

"आन डायवर?"

"तीही मीच."

त्या हसल्या नाहीत. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि त्यांच्या खाचरातला काळभात केला. त्या भाताचा वास शिजतानाच घरभर झाला. आमच्याकडे भात म्हणजे ज्वारीच्या भाकरीनंतर उरलेल्या भुकेला. इथे आधी भात, मग बाकीचं. मी तीनदा मागून घेतला तेव्हा कुठे आत्याबाईंचा चेहरा सैल झाला.

रेश्मा मला बघून रडली, मीही रडले. मी म्हटलं, "रडलालीस कशाला गं? आले ना मी." त्यावर आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुमच्यात समदं लाल लाल बोलत्यात बाई. करलालीस, जेवलालीस. आमची सून सुदीक आल्यावर सा म्हैने लालच बोलत हुती."

हसून झाल्यावर त्यांनी मनातलं काढलं. गाडी जुनी, चालवणारी बाई, रस्ता दोन दिवसांचा. गणेशला सिन्नरला नवीन काम लागलंय, सुट्टी मिळत नाही. "पोरीला कायबी झालं तर मी कुनाला तोंड दावू? हितंच करू की बाळंतपन. राजूरला दवाखाना हाय, मी हाय."

 रात्री अंथरुणात रेश्मा माझा हात धरून म्हणाली, "आक्का, डाक्टरीण म्हनली जायचं तर याच आठवड्यात जा, पुढं हलू नको. आत्ता न्हाई नेलीस तर मग न्हाईच. मला आईजवळ जायचंय." मी तिचं डोकं थोपटत राहिले. आईला इकडे येता येत नाही, आणि तिने पोर बघावं तर ते तिच्याच घरात जन्मायला हवं. सकाळी तात्यांनी निकाल दिला. "मूळ आलंय, तर जाईल." आत्याबाईंनी 'हो' म्हटलं, पण ते उसनं होतं हे मला दिसत होतं. काही वाकडं झालं की त्या ते लगेच परत मागणार.

धरणाच्या काठाने

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. तात्या माझी गाडी धूत होते. धुणं कसलं, बैलाला घासतात तशी घासत होते. बोनेट उघडं, हातात फडकं, शेजारी डबा. मला बघून म्हणाले, "लांब जायची हाय. तिला काय कमी पडाय नको. बघून घेतली समदी." माझ्या गाडीला आजवर कुणी हात लावला तो आधी हिशोब सांगून. मला भरून आलं. म्हटलं, या घरात रेश्मा सुखी आहे. बाहेरच्या चुलीवर तिच्या अंघोळीचं पाणीही तात्याच तापवत होते. सून न्हाणीत गेली की ते पाठ करून लांब गोठ्याकडे जायचे.

त्या दिवशी आम्ही धरण बघायला गेलो. तात्या माझ्या शेजारी बसले. मला वाटलं वाट दाखवतील, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. ते सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होते. त्यांच्याकडे नांगरटीचं छोटं यंत्र आहे, ट्रॅक्टरही त्यांनी चालवलेला, तेव्हा पाय कुठे असावा हे त्यांना कळतं. मी घाबरून आणखीच नीट चालवली.

पाणी बघितल्यावर मात्र सगळं विसरले. आमच्याकडे पाणी टँकरमध्ये असतं नाहीतर हंड्यात. इथे ते डोंगरांच्या मधे नुसतं पडून होतं, कुणाचंही नसल्यासारखं. मी काठावर उभी राहून म्हटलं, "एवढं पाणी आमच्याकडं असतं तर!" तात्या म्हणाले, "असतंय आमच्याकडं, पन जातंय खाली. उन्हाळ्यात आमी बी हंडा घिऊन झऱ्यावर." पाण्याच्या बाबतीत आपण नातेवाईक निघालो म्हणायचं.

परतताना क्लचचं पायडल जरा जड वाटलं. वर यायला आळस करत होतं. मी थंडीला दोष दिला.

ओटी

पुढचा दिवस विश्रांतीचा आणि त्यानंतरच्या सकाळी निघणं. आत्याबाईंनी रेश्माची ओटी भरली. आमच्याकडे ओटीत गहू नाहीतर ज्वारी घालतात, इथे तांदूळ. काळभाताचे बारीक, वासाचे तांदूळ पदरात पडताना मी पहिल्यांदा बघितले. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की निघालेलं मूळ परत घरात येत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखं. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि गाडीच्या दाराला हात लावून मला म्हणाल्या, "सावकाश गं बाई. माझी पोरगी हाय ती." रेश्माला त्या सून म्हणाल्या नाहीत, हे मी ऐकलं.

सावकाशच गेले. पण राजूरच्या अलीकडे एका चढावर गिअर बदलायला क्लच दाबला तो खाली गेला आणि खालीच राहिला. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही. ब्रेक दाबला, देवाच्या दयेने तो लागला, गाडी कडेला घेतली. वाकून हाताने पायडल वर ओढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा खालीच.

"काय झालं आक्का?"

"काही न्हाई. तू ऊस खा."

बोनेट उघडलं. क्लचच्या तेलाची डबी काचेपाशी असते, पांढरी, छोटी. ती काठोकाठ भरलेली. मला बरं वाटलं. रंग मधासारखा दिसत होता, तोही मला बरा वाटला. एवढीच माझी अक्कल.

दुधाच्या पिकअपवाल्याने दोर लावून आम्हाला राजूरपर्यंत ओढून नेलं. बाजाराचा दिवस होता. गर्दीतून, दोराला बांधलेली, पाठीवर 'शाळेची मुले' लिहिलेली गाडी आणि आत मान खाली घातलेली मी. लोक बाजूला होऊन बघत होते. त्यांत तात्यांच्या गावचं कुणी असणार हे माझ्या मनात आलंच होतं.

राजूर

गॅरेज एका चढावर होतं. मिस्त्रींनी आधी चाकाखाली दगड लावला, मग आम्हाला खुर्च्या दिल्या, समोरच्या दुकानातून रेश्माला पेढा मागवला, आणि मग मला बोलून घेतलं.

"बाईमानूस चालवतं म्हनल्यावर क्लच जानारच. पाय ठिवता ना क्लचवर? समद्या बाया ठिवत्यात."

"मी नाही ठेवत."

"समद्या असंच म्हनत्यात." त्यांनी सीटखाली मुंडकं घातलं, पायडलाजवळचा नट सैल केला, बोनेटकडून नळी सोडली आणि क्लचचा मास्टर काढून वर्तमानपत्रावर ठेवला. मास्टर म्हणजे मुठीएवढा लोखंडी सिलिंडर. पायडल दाबलं की आतलं रबर तेलाला ढकलतं, तेल नळीतून खाली जाऊन क्लच सोडवतं. मिस्त्रींनी आतला दांडा ओढला, तर तो येईना. पकडीने ओढला. रबर बाहेर आलं ते फुगून दुप्पट झालेलं, आणि मऊ, चिंचेच्या भिजलेल्या गोळ्यासारखं.

 मिस्त्रींनी डबीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं.

"हे ब्रेक ऑइल न्हाई. हे इंजिनाचं ऑइल हाय. ताई, पाय न्हाई ठेवला तुमी, माफ करा. पन ऑइल कुनी ओतलं? ह्यात ब्रेक ऑइलच लागतं. दुसरं टाकलं की रबर फुगतं आन सिलिंडरात रुतून बसतं."

मला पहाट आठवली. फडकं, डबा, 'तिला काय कमी पडाय नको'. ऑइल कमी दिसलं, म्हणून ऑइल घातलं. दोन्हीला नाव एकच. त्यांच्या यंत्रात एकच ऑइल लागतं. तात्या माझ्या गाडीला बैलासारखं घासत होते, आणि मायेने तिला पाजत होते.

रेश्माकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिचा पेढा हातातच राहिला.

मिस्त्री दुसऱ्या डबीकडे वळले, ती ब्रेकची. तिच्यातही बोट घातलं. "ही चांगली हाय. नशीब म्हना. ह्यात ओतलं असतं तर घाटात ब्रेकच लागला नसता."  

नवा मास्टर आणि नळीच्या खालच्या टोकाला असतो तो सिलिंडर संगमनेरहून येणाऱ्या एस्टीने मागवला. तोवर फोन वाजला. रेश्माच्या फोनवर आत्याबाईंचा आवाज मला खुर्चीतून ऐकू येत होता.

"दोर लावून नेली म्हनं गाडी! म्हनलं न्हवतं? बाईच्या हातात गाडी दिली की हेच. मूळबीळ राहू दे आता, माझ्या पोरीला मी घाटात मरू देनार न्हाई. तिथंच थांब. तात्या निघाल्यात तुला आनायला."

फोन ठेवून रेश्मा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आईचं घर मावळताना मला दिसलं.

"आक्का, सांगायचं का त्यांना, ऑइल कुणी..."

"तू सांगशील?"

तिने मान हलवली. नाही. "मामंजी दोन दिस जेवनार न्हाईत. मला चिंच आनून देतात ना, ते बी आत्याबाईंना कळू न देता. मी कसं सांगू?"

मग दोघींनी ठरवलं: सिलिंडर जुना झाला होता, गेला. माझ्या गाडी चालवण्यावर आलं तर येऊ दे. मग रेश्माला नेऊ देतील का, ते तात्या आल्यावर बघू. मी मिस्त्रींना हात जोडून म्हटलं, "ऑइलाचं कुणासमोर बोलू नका." का ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "मी कशाला बोलू?" पण हा माणूस गप्प बसणाऱ्यांतला नव्हता हे मी सकाळपासून बघत होते.

सामान दुपारी आलं. मिस्त्रींनी नळ्या धुऊन काढल्या, वर नवा मास्टर बसवला, खाली नवा सिलिंडर, आणि डबीत नवं, पाण्यासारखं तेल. "आता हवा काढायची," ते म्हणाले. "नळीत हवा राहिली तर पायडल नुसतं फुसफुस करतं. दोन मानसं लागत्यात. एकानं पायडल दाबून धरायचं, मी खालून निपल, म्हंजी हवेचं तोंड, सोडनार. ताई, तुमी डबी बघा, तेल संपू देऊ नका. संपलं की परत हवा." पायडलावर कोण? रेश्माला तर बसता येत नव्हतं.

नेमके तेव्हा तात्या आले. जीपमधून उतरले, रेश्माकडे आधी बघितलं, मग मला म्हणाले, "झालं काय?"

"सिलिंडर गेला, तात्या. जुना होता."

त्यांनी मान हलवली. "हिला घिऊन जायला धाडलंय मला." एवढं बोलून ते तिथेच उभे राहिले, सांगितलेलं काम आवडत नसलेल्या माणसासारखे. गाडीखालून मिस्त्रींचा आवाज आला, "कोन आलंय? बसा हो पायडलावर, मानूस पायजे!"

तात्या चप्पल काढून माझ्या सीटवर बसले.

"दाबा. दाबा. दाबा. आता धरा!"

"धरलंय."

खालून फस्स आवाज आला, बुडबुडे. "बंद. सोडा. परत दाबा. धरा!"

मी वरून डबीत तेल घालत होते. तात्यांचा पाय अंदाजाने नाही, अगदी सांगितल्याबरहुकूम जात होता. दर वेळी बुडबुडे कमी व्हायला लागले. मिस्त्री खुशीत आले, आणि खुशीत आले की ते बोलायचे. निपल सोडलेलं असतानाच ते खालून ओरडले, "आता जमलं बघा! ताई, फक्त ब्रेक ऑइल हां इथनं पुढं! परत कुनी शहान्यानं इंजिनाचं ऑइल ओतलं तर मी जबाबदार न्हाई!"

पायडल सुटलं. सटकन वर आलं.

"अरे सोडलं कुनी? धरा म्हनलं ना! ओढली की हवा परत!"

तात्या पुढे बघत होते. काचेपलीकडे, उघड्या बोनेटच्या कडेला मी होते, हातात तेलाची बाटली. आमची नजर मिळाली आणि मी खाली बघितलं. त्या खाली बघण्यातच त्यांना सगळं कळलं.

"त्या पांढऱ्या डबीत का?" त्यांनी विचारलं.

 रेश्मा खुर्चीतून उठून गाडीच्या दाराशी आली. "मामंजी, नाव सारखं हाय ना दोन्हीचं. कुनालाबी..."

"ब्रेकची कुठली?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी दाखवली. त्यांनी दारातून वाकून त्या डबीकडे बघितलं, मग रेश्माकडे, मग तिच्या पोटाकडे. मला वाटलं आता उठतील आणि कुठेतरी लांब जातील, रेश्मा न्हाणीत गेली की जायचे तसे.

"मिस्त्री," ते म्हणाले, "परत सांगा. दाबतो."

पहिल्यापासून सगळं पुन्हा झालं. दाबा, धरा, सोडा. या वेळी मिस्त्री एक शब्द जास्त बोलले नाहीत. पायडल घट्ट झालं, आपणहून वर यायला लागलं, तरी तात्या आणखी चार वेळा दाबून बघत राहिले.

मग उतरले, चपला घातल्या आणि घरी फोन लावला. बाजारात बोलतात तसं मोठ्याने, कुणीही ऐकावं असं.

"मी बोलतोय. गाडी दुरुस्त झाली... ऐक. गाडी म्या बिघडवली. म्या... धुताना ऑइल टाकलं, भलतंच... न्हाई, तिनं न्हाई. तिचा पाय क्लचवर नसतो, म्या सोता बघितलाय. चढावर बंद पडली तरी तिनं गाडी कडंला घेतली, पोरीला धक्का लागू दिला न्हाई... व्हय... व्हय, म्याच... मूळ निघालंय, जाऊ दे."

 मग त्यांनी फोन रेश्माला दिला. आत्याबाई तिला काय म्हणाल्या ते तिने मला सांगितलं नाही. फक्त "व्हय आत्याबाई, खाते, व्हय," असं म्हणत ती रडत होती आणि हसत होती. मिस्त्रींनी मान खाली घालून पाने पुसले, मग तात्यांना म्हणाले, "तात्या, शहाना म्हनलो मी, ते..." तात्या म्हणाले, "बरोबर म्हनलास. एक डबी नवं ऑइल मला बी दे. आन लेबलावर लिहून दे, कशात घालायचं ते."

ऊन उतरायला लागलं होतं. अंधाराआधी संगमनेर गाठायचं होतं. रेश्मा मागे बसली, मी गाडी सुरू केली. तोंड चढाकडे. अशा चढावर उभी गाडी सुटताना मागे घरंगळते, हीच माझी घाटातली खरी भीती. मी हँडब्रेक धरून मिस्त्रींची वाट बघत होते, पण दगड तात्यांनी काढला. काढून बाजूला झाले नाहीत. गाडीच्या पाठीला दोन्ही हात लावून तिथेच उभे राहिले.

मी काच खाली करून ओरडले, "तात्या, बाजूला व्हा! गाडी मागं येईल!"

"न्हाई येत," ते म्हणाले. "चालव तू."

आरशात मला त्यांचं पांढरं मुंडासं दिसत होतं, आणि त्याच्यापुढे रेश्माचं डोकं. मी पहिला गिअर टाकला. क्लच इतका हळू सोडला की पायाखाली तेल सरकताना मला कळलं. इंजिनाने गाडी पकडली. हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभरही मागे आली नाही. पुढे निघाली, आणि तात्यांचे हात हवेत तसेच राहिले.